नाव एक, माणसे अनेक



जालना जिल्ह्याच्या स्थानिक इतिहासाच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत. अध्यक्षाने सगळ्या क्षेत्राचा धावता आढावा घ्यावा, अशी आपल्याकडची रीत आहे. आज ती बाजूला ठेवून मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. जुन्या कागदात एक नाव सापडले, तर तो माणूस नेमका कोण?

हा प्रश्न आजवर पाच-पन्नास संशोधकांपुरता होता. सप्टेंबर २०२३ नंतर तो घरोघर गेला. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी झालेल्या उपोषणानंतर सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रके, गाव नमुना १४, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या यांच्यावरची धूळ झटकली गेली. त्या मागणीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्याचे हे व्यासपीठ नव्हे. पण त्या निमित्ताने एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली. नोंद सापडणे हे निम्मेच काम आहे. नोंदीत ‘राणोजी’ आहे, पणजोबांचे नावही राणोजीच आहे. मात्र त्याच गावात, त्याच भावकीत, त्याच काळात आणखी दोन राणोजी असतील तर? आडनाव बहुधा लिहिलेलेच नसते. पाटील आणि देशमुख ही तेव्हा आडनावे नव्हती, हुद्दे होते.

मोठ्या घराण्यांत तरी हा घोळ नसेल, असे कुणाला वाटेल. उलट तिथेच तो जास्त आहे. आपल्या सीमेला लागून असलेल्या सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचे उदाहरण घ्या. दौलताबादेत निजामशाहीचा दरबार सुटला आणि बाहेर खंडागळ्यांचा हत्ती बिथरला. लखुजींचे पुत्र दत्ताजी हत्तीवर चालून गेले. विठोजी भोसल्यांचे पुत्र संभाजी आणि खेलोजी खंडागळ्यांच्या बाजूने आडवे आले. संभाजीच्या हातून दत्ताजी पडले. ते कळताच लखुजी माघारी फिरले. त्या रणधुमाळीत त्यांचे जावई शहाजीराजे जखमी झाले आणि लखुजींनी संभाजीला ठार केले. हे ‘संभाजी’ म्हणजे शहाजीराजांचे चुलतभाऊ. शहाजीराजांच्या थोरल्या मुलाचे, म्हणजे शिवरायांच्या वडील बंधूंचे नावही संभाजीच. ते कनकगिरीच्या वेढ्यात पडले. शिवरायांना १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर मुलगा झाला, त्याचेही नाव संभाजी. राजाराम महाराजांच्या मुलाचे नाव पुन्हा संभाजी; ते कोल्हापूरच्या गादीवर बसले. शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई यांचे बंधू सुप्याचे संभाजी मोहिते, हे आणखी वेगळे. आता नुसते ‘संभाजीराजे यांनी इनाम दिले’ एवढेच सांगणारी तारीख फाटलेली नक्कल हाती आली, तर ते इनाम कुणाच्या पदरात घालायचे?

माझे म्हणणे असे. नामसाम्य ही कागद लिहिणाऱ्याची हयगय नव्हे. ती कुळाने विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे आणि म्हणून ती स्वतःच एक पुरावा आहे. मात्र तो पुरावा नात्याचा, ओळखीचा नव्हे. अमुक नाव पुन्हा आले, याचा अर्थ त्या घराला अमुक पूर्वज जवळचा वाटत होता. त्यावरून हा माणूस तोच, हे मात्र सिद्ध होत नाही. आपल्या बहुतेक चुका या दोन गोष्टींची गल्लत केल्याने होतात.

नाव फिरून का येते, ते पाहा. मालोजीराजांनी नगरच्या शहा शरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शरीफजी १६२४ च्या भातवडीच्या लढाईत पडले. पण त्यांचे नाव पडले नाही. ते तंजावरला गेले, तिथे सरफोजी झाले, आणि दुसरे सरफोजी १८३२ पर्यंत त्या गादीवर होते. कनकगिरीला पडलेल्या भावाचे नाव शिवरायांनी मुलाला दिले. गेलेल्या माणसाची जागा घरात रिकामी राहू द्यायची नाही, हा त्यामागचा भाव.

दुसरी रीत आजोबांचे नाव नातवाला देण्याची. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव बल्लाळ, त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव. भानूंच्या घरात बाळाजी महादजी आणि त्यांचे नातू बाळाजी जनार्दन. पुन्हा गंमत अशी की घरात सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नाही, म्हणून नातवाला हाक मारायला दुसरे नाव लागते. बाळाजी बाजीराव झाले नानासाहेब, बाळाजी जनार्दन झाले नाना फडणवीस. खरे नाव एक आणि हाकेचे नावही एक! पुढे १८५७ मध्ये आणखी एक नानासाहेब पेशवे येतात, ते धोंडोपंत. तेव्हा ज्या पत्रात नुसते ‘नाना’ आहे, ते पत्र तारीख आणि मजकूर पाहिल्याखेरीज कुणाच्याही नावावर मांडू नये.

हा घोळ एकट्या मराठी घराण्यांचा नाही. पंधराव्या शतकात इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात पास्टन नावाचे जमीनदार घराणे होते. त्यांचा घरगुती पत्रव्यवहार आजही टिकून आहे. बापाचे नाव जॉन. तो १४६६ मध्ये वारला. त्याच्या थोरल्या मुलाचे नाव जॉन आणि धाकट्याचेही जॉन! दोघे सख्खे भाऊ, एकाच वेळी हयात. थोरल्याला १४६३ मध्ये ‘सर’ किताब मिळाला, त्यामुळे काही वर्षे तरी ‘सर जॉन’ आणि ‘जॉन’ असा फरक राहिला. थोरला १४७९ मध्ये गेला, धाकटा १५०४ पर्यंत जगला आणि मध्यंतरी त्यालाही तोच किताब मिळाला. तिथल्या अभ्यासकांनी सरळ पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक दिले आणि पत्र कुणी, कुणाला, कोणत्या प्रसंगी लिहिले, हे लावून एकेक पत्र ज्याचे त्याच्या नावावर घातले. त्यात त्या मुलांच्या आईची, मार्गरेटची, पत्रे फार उपयोगी पडली.

आपल्याकडे पहिला आधार म्हणजे बापाचे नाव. वतनी कागदात ‘राणोजी बिन संताजी पाटील, मोकदम मौजे अमुक’ असे लिहिलेले असते. ‘बिन’च्या पुढचे नाव मिळाले की आपण सुटकेचा श्वास सोडतो. इथेच सावध राहायला हवे. ज्या घरात नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत पिढ्यानपिढ्या चुकत नाही, तिथे राणोजी बिन संताजी, मग संताजी बिन राणोजी, मग पुन्हा राणोजी बिन संताजी असा फेरा चालतो. आजोबा आणि नातू कागदावर अक्षरशः एक दिसतात. वंशावळीत एखादा पाटील ऐंशी-नव्वद वर्षे पाटीलकी करताना दिसला, तर तो दीर्घायुषी होता असे समजू नका. तिथे दोन माणसे एकात मिसळलेली आहेत.

दुसरा आधार निशाणी आणि शिक्का. महजर, म्हणजे गोतसभेच्या निवाड्याचा कागद, उलगडून बघा. खाली पाटलांच्या सह्या नसतात, नांगर काढलेले असतात. नांगर बापाचाही तसाच, लेकाचाही तसाच. त्यावरून हुद्दा कळतो, माणूस कळत नाही. सरदार घराण्यात मात्र शिक्का मदतीला येतो, कारण बाप गेला की लेक आपल्या नावाचा नवा शिक्का करतो.

तिसरा आधार कालाचा. शुहूर सन अरबी संख्यांत लिहितात. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७३. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे, म्हणजे इसवी सन १७७२-७३ येतो. मोडीच्या घाईच्या वळणात ‘सबैन’ला ‘तिसैन’ वाचले की सत्तरचे नव्वद झाले. वीस वर्षांची ही घसरण आजोबांचा कागद नातवाच्या पदरी टाकायला पुरेशी आहे.

हे तिन्ही आधार तोकडे पडले तर काय? माझ्या मते सगळ्यात खात्रीचा आधार चौथाच आहे: सोबतची माणसे. महजराच्या आरंभी ‘हाजीर मजालस’ म्हणून सगळी गोतसभा नावानिशी लिहिलेली असते. शेजारच्या गावचे पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार. आपला राणोजी ओळखू येत नसेल, तर त्याच्या पंक्तीला बसलेले ओळखा. ज्या कुलकर्ण्यांबरोबर तो एका कागदात आहे, ते दुसऱ्या कागदात कुणाबरोबर आहेत? राणोजी बिन संताजी दोनदा येईल. पण त्याच्याभोवतीची ती सगळी मंडळी, त्यांच्या बापांसकट, दुसऱ्यांदा जशीच्या तशी येत नाही. माणसाची ओळख त्याच्या गोतावळ्यात असते.

या गोतावळ्यातला एक भाग आपण आजवर टाकून दिला आहे: बायका. आपल्या वंशावळी म्हणजे पुरुषांची उतरंड. जिजाऊंना वगळून जाधव-भोसले संबंध कुणाला सांगता येतो का? मग आपल्या घराच्या वंशावळीत सुना आणि लेकी का नाहीत? एका नावाचे दोन पुरुष असतील, पण दोघांच्या सासुरवाड्या सहसा एक नसतात. अमक्याची सोयरीक देऊळगाव राजाला आणि तमक्याची परतूरला, एवढे कळले तरी गाठ सुटते. लेकीला दिलेल्या चोळीबांगडीच्या जमिनीचा कागद कधी कधी दहा महजरांचे काम करतो.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. सिंदखेड, देऊळगाव राजा पलीकडे. जालना, अंबड निजामाकडे. एकाच भावकीची दोन सरकारे झाली. पलीकडे मोडी आणि इंग्रजी, इकडे फारसी आणि पुढे उर्दू. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, आणि मोगली लेखकांनी तर ‘जी’ गाळून ‘सिवा’, ‘संबा’ असे लिहिले. त्यामुळे केवळ मोडी शिकून जालन्याचा इतिहास पुरा होणार नाही. उर्दू वाचणारे आपले मुसलमान मित्र या कामात बरोबरीचे भागीदार हवेत. जालन्यासारख्या शहरात ते शोधायला लांब जावे लागणार नाही.

गो. स. सरदेसाईंनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी तयार केल्या, राजवाड्यांनी गावोगाव हिंडून साधने छापली. त्यांनी मोठी घराणी लावून दिली. गावची घराणी आपल्याला लावायची आहेत. म्हणून तीन सूचना करतो. एक, वंशावळीत प्रत्येक नावापुढे तो ज्या पहिल्या आणि शेवटच्या कागदात दिसतो, त्यांची सालवारी लिहा. दोन, त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घरचे कोण, कुणाला घेऊन, कधी आले, ते उतरवून आणा. घरातल्या कागदांशी त्याचा ताळा करा. तीन, जिथे दुवा नाही तिथे जागा कोरी ठेवा. थोर पूर्वज मिळावा म्हणून नावाला नाव जोडणे हा पूर्वजांचा सन्मान नव्हे. ज्या साध्या पाटलाने दुष्काळात गाव धरून ठेवले, त्याला खोडून त्याच्या जागी त्याच नावाचा कुणी सरदार बसवला, तर अन्याय आपल्याच आजोबांवर होतो.

पुढच्या परिषदेत जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्याने निदान एका गावाची अशी ताळा केलेली वंशावळ मांडावी, लेकी-सुनांसह आणि कोऱ्या जागांसह. आठ तालुक्यांच्या आठ वंशावळी झाल्या, तर या अध्यक्षीय भाषणाचे चीज झाले असे मी समजेन.