बेटांची मुंबई आणि भरावाची मालकी
(परळ येथील अभ्यासवर्गात झालेले व्याख्यान)



मुंबईचा इतिहास बहुधा गव्हर्नरांच्या नामावळीपासून सांगितला जातो. वस्तुतः तो भरती-ओहोटीपासून सांगावयास हवा. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे; त्यांच्यामध्ये खाड्या आणि खाजण. भरतीला जेथे होडी चाले, तेथेच ओहोटीला चिखल तुडवीत जावे लागे. कोळ्यांची मासेमारी, भंडाऱ्यांच्या माडांच्या वाड्या, भातखाचरे आणि मिठागरे यांवर येथील माणूस जगत होता.

1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने ही बेटे पोर्तुगिजांना दिली. 1661 मध्ये पोर्तुगीज राजकन्येबरोबर ती इंग्लंडच्या राजाला आंदण गेली आणि 1668 मध्ये त्याने ती दसाल 10 पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविली. या सर्व देवघेवीत कोळ्यांना कोणी विचारले नाही, हे सांगावयास नकोच. त्याच सुमारास, 1655 साली, इंग्रजांनी कॅरिबियन समुद्रातील जमैका बेट स्पेनकडून जिंकले होते. तेथे त्यांनी गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे उभे केले. मुंबईच्या बेटांवर मळे लावण्याजोगी भुई नव्हती. होते ते सुरक्षित बंदर. म्हणून येथे पीक आले ते व्यापाराचे.

व्यापाराला जमीन हवी होती. वरळीच्या खिंडीतून आत घुसणारे पाणी अडविणारा बांध हॉर्नबीच्या कारकीर्दीत, 1784 च्या सुमारास पुरा झाला. शीवचा बांध 1803 चा, कुलाब्याचा 1838 चा, माहीमचा 1845 चा. माहीमच्या बांधाला पैसा देणाऱ्या लेडी जमशेटजींचे नाव रस्त्याला मिळाले, ते योग्यच झाले. पण पाट्या वाहणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोठे नाही. तेलुगू मुलखातून बांधकामावर आलेल्या कामाठी मजुरांची आठवण कामाठीपुऱ्याच्या नावात उरली, तीही पुढे निराळ्याच कारणाने बदनाम झाली.

पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावर यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस अडला आणि लँकेशायरचे कारखानदार मुंबईकडे वळले. सोन्याच्या भावाने कापूस विकला गेला. त्या पैशातून समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि युद्ध संपताच कोसळल्या. सट्टा बुडाला, गिरण्या मात्र टिकल्या. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला पहिली गिरणी काढली होती; पुढे भायखळा, परळ, लालबाग, शिवडी या भागांत धुराडी उभी राहिली.

या गिरण्यांचे अर्थशास्त्र नीट समजून घेतले पाहिजे. रत्नागिरी-साताऱ्याचा गडी एकटा येई, चाळीच्या खोलीत पाळीपाळीने झोपे, खाणावळीत जेवी आणि गावी मनीऑर्डर पाठवी. त्याचे बालपण गावाने पोसलेले, आजारपण आणि म्हातारपणही गावाच्याच गळ्यात. मधली उमेदीची वर्षे तेवढी मालकाने घ्यावयाची! कामगाराची मजुरी कमी ठेवणे शक्य झाले, त्यात कोकणातल्या त्याच्या बायकोचे शेतावरचे श्रम मुरलेले होते. रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर 1890 मध्ये मिळाली.

18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. जमिनीचा भाव मात्र चढत राहिला. 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले: मोकळ्या जागांना, सार्वजनिक घरबांधणीला आणि मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरता उरला. इमारती पाडून मिळणारी जमीन त्यातून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. सुमारे 600 एकरांचा प्रश्न एका शब्दाच्या अर्थावर निकालात निघाला.

समुद्र मात्र नियमावली वाचीत नाही. हिंदमाताचा सखल भाग आजही मोठ्या पावसात, विशेषतः भरतीच्या वेळी, पाण्याखाली जातो. टोलेजंग इमारतीतला रहिवासी वर राहतो. पाणी शिरते ते तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात आणि दुकानात.

आणि बांध घालणे थांबलेले नाही. 2024 पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला सागरी किनारा मार्गही भरावावरच उभा आहे. वरळीच्या कोळ्यांनी पुलाच्या दोन खांबांमधून होड्या जाव्यात एवढे अंतर मागितले. आंदोलन केल्यावर ते 60 मीटरवरून 120 मीटर करण्याचे महापालिकेने मान्य केले. कोळ्यांची मागणी त्याहून अधिक होती.