ईश्वरावलंबन आणि जमाखर्चाची वही



ज्या तालुक्याच्या डोंगरात मांजरेसारखी नदी उगम पावते आणि तरीही ज्याला दुष्काळी म्हणूनच सरकारदफ्तरी ओळखले जाते, दसरा-दिवाळी उलटली की जिथली गावेच्या गावे मुकादमाची उचल घेऊन उसाच्या फडाकडे निघून जातात, त्या पाटोद्यात उभे राहून ‘मनुष्याने स्वतःवर न विसंबता ईश्वरावर विसंबावे’ हा ख्रिस्ती सिद्धांत मांडणे म्हणजे थोडे धाडसच होय. स्वतःवर विसंबावे असे आमच्यापाशी उरले तरी काय आहे, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न मी उद्धटपणाचा मानणार नाही. म्हणूनच हा सिद्धांत उपदेशाच्या अंगाने न मांडता, दुष्काळाशीच ज्यांचा जन्मभर संबंध आला अशा एका मराठी स्त्रीच्या चरित्रावरून मी तो तपासणार आहे.

मुळात हा विचार संत पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या प्रारंभीच येतो. आशिया प्रांतात आपणावर असा प्रसंग गुदरला की जगण्याचीही आशा सुटली, आणि ते अशासाठी की आपण आपल्यावर नव्हे, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भिस्त ठेवावी, असा त्याचा आशय आहे. परंतु त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात हाच पौल यरुशलेमातील गरिबांसाठी जमवलेल्या वर्गणीची व्यवस्था इतक्या काटेकोरपणे लावतो, सोबत विश्वासू माणसे नेमून देतो आणि पैशाच्या बाबतीत कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून अशी दक्षता घेतो, की एखाद्या मुरलेल्या कारकुनानेही मान डोलवावी. पहिला अध्याय वाचून आठवा सोडून देणारे उपदेशक पुष्कळ आहेत.

पंडिता रमाबाईंनी दोन्ही अध्याय वाचले होते, असे त्यांच्या चरित्रावरून म्हणावे लागते. 1858 साली जन्मलेल्या या विदुषीने आपले आईवडील आणि थोरली बहीण 1870 नंतरच्या दशकातील अन्नान्नदशेत गमावली. पुढे कलकत्त्याचा सन्मान, विवाह, दोन वर्षांच्या आतच वैधव्य, 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा आणि त्यानंतर अमेरिकेचा प्रवास, हा इतिहास आपणास ठाऊक आहे. तो मी सांगत बसत नाही. आपल्या विषयाशी ज्याचा संबंध आहे तो भाग वेगळाच आहे. बॉस्टन येथे 1887 साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या कार्यास दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले, त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास हलले. दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न बाईंपुढे होता, आणि त्यावर त्यांनी काढलेली तोड कोणाही व्यवहारी माणसाला शोभेल अशी होती: पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे जमीन घ्यावयाची, तीत फळझाडे लावावयाची आणि त्यांच्या उत्पन्नावर संस्था स्वावलंबी करावयाची.

हा बेत चांगला होता. पण घडले ते निराळेच. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुली व विधवा पाहून बाईंना स्वतःचे बालपण आठवले, आणि हाती पुरेसा पैसा नसतानाच त्यांनी शेकडो मुलींना आणण्यास आरंभ केला. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा बंदोबस्त जारी होऊन नव्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा फळबागेसाठी घेतलेल्या त्याच माळावर मुलींचा मुक्काम पडला आणि मुक्ती सदन उभे राहिले. उत्पन्नाची म्हणून ठेवलेली जमीन अशी खर्चाची झाली! गुजरातच्या दुष्काळानंतर तर तेथील संख्या जवळजवळ 2,000 पर्यंत गेली. कोणाही माणसापाशी न मागता ब्रिस्टल येथे हजारो अनाथ मुले सांभाळणाऱ्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र बाईंनी वाचले होते; त्याचा परिणाम त्यांच्यावर खोल झाला होता. परंतु म्यूलरही पैशाचा हिशेब दरसाल छापीत असे, हे त्याचे भक्त विसरतात. केडगावातही प्रार्थनेबरोबर विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, विणकाम झाले, छापखाना चालला. ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रकातून संस्थेची हकीकत आणि निकड प्रसिद्ध होई. हे मागणेच नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो मला अगदीच गैरवाजवी वाटत नाही. पण बाईंच्या ईश्वरावलंबनाचे मर्म न मागण्यात नव्हतेच. आखलेला बेत मोडला तेव्हा त्या बेताला चिकटून न राहता दारात आलेल्या मुलीला आत घेण्याची जी मोकळीक त्यांना लाभली, तिच्यात ते होते. केवळ स्वतःवर विसंबणारा मनुष्य उद्याच्या दिवसावर आजच उचल घेऊन बसलेला असतो. उद्या दुसरेच काम समोर आले, तर त्याचे हात मोकळे नसतात.

आणि तरी बाईंचे बेत मोडण्याचे संपले नाहीत. ज्या कन्येला, मनोरमेला, त्यांनी कार्याची वारस म्हणून तयार केले, ती 1921 मध्ये आईच्या आधीच गेली. मूळ हिब्रू व ग्रीकवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर पुरे करीत बाई त्यानंतरही कामावर राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी निवर्तल्या.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून मात्र मला थांबता येत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी व वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. हे औदार्य थोर खरे. पण बिनवेतनी श्रद्धेचा संसार कोणाच्या डोक्यावर चालतो, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात वाचल्यावाचून त्याची किंमत कळत नाही. रमाबाईंनी जोखीम घेतली ती स्वतःच्या शिरावर घेतली; टिळकांच्या भरवशाची जोखीम पुष्कळ अंशी घरातल्या डब्यांवर पडत असे, आणि ते डबे उघडून पाहण्याचे काम टिळकांकडे नव्हते. ज्याला देवावर विसंबावयाचे आहे त्याने त्या आधी आपल्या घरच्या माणसांस विचारले आहे काय, हा प्रश्न ख्रिस्ती व्यासपीठावरून क्वचितच विचारला जातो. लक्ष्मीबाईंनी तो विनोदाच्या अंगाने का होईना, विचारला. 9 मे 1919 रोजी टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते, आणि कधी शाळेत न गेलेल्या या बाईंनीच ते काव्य पुढे चालविले.