दंड लावण्याआधी घरी जाऊया



आमच्या गटात साठीच्या एक मावशी आहेत. पावसाळ्यापासून त्या बैठकीला येईनाशा झाल्या. आम्ही नियमाप्रमाणे दर वेळी दहा रुपये दंड लावला. "टाळाटाळ करतात," असंही आमच्यातलं कुणी बोललं. थकलेला हप्ता मागायला घरी गेलो, तेव्हा कळलं. मावशींच्या कंबरेतून पोटरीपर्यंत कळ जायची. पाच मिनिटं उभं राहवत नव्हतं. वाकून बसलं की जरा बरं वाटायचं.

आम्ही त्यांना जिल्ह्याच्या गावी नेलं. एमआरआय काढला. मणक्याच्या सांध्यातून पाण्याच्या फुग्यासारखी गाठ आली होती, ती पायाकडे जाणारी नस दाबत होती. वयानुसार सांधे झिजतात, तेव्हा अशी गाठ होते. बहुतेकदा ती कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी असते. ही गाठ कॅन्सरची नसते.

आधी गोळ्या, व्यायाम, मग इंजेक्शन झालं. काहींना तेवढ्यानं आराम पडतो. मावशींना पडला नाही. ऑपरेशन म्हटल्यावर घरचे घाबरले. "मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो," असं आपण ऐकलेलं असतं ना! डॉक्टरांनी समजावलं : साधारण इंचभर छेद घ्यायचा, स्नायू फार न कापता बारीक नळी आत घालायची, सूक्ष्मदर्शकातून बघत गाठ काढायची. रक्त कमी जातं, बाई लवकर चालू लागते. धोकेही सांगितले : नसेचं आवरण फाटू शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो, गाठ पुन्हा येऊ शकते. मणका सरकलेला असेल तर स्क्रूही बसवावे लागतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

खर्चासाठी सावकाराकडे जाण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, कागद कोणते लागतात, ते विचारा.

मावशी आता बैठकीला चालत येतात. घागर मात्र सून उचलते. त्यांचा दंड आम्ही परत केला आणि नियमही बदलला : सलग दोन बैठका चुकल्या, तर आधी दोघींनी घरी जायचं, दंडाची वही नंतर उघडायची.

तुमच्या गटात कोण येईनाशी झाली आहे? आज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन या.