मिरवणुकीतला उजेड आणि आपले डोळे

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



सचिवांनी मला सांगितले होते, "काका, तुम्ही सुरुवातीपासूनचे सभासद. पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा." आठवणी पुष्कळ आहेत, पण त्या इतर वक्ते माझ्यापेक्षा चांगल्या सांगतील. मी आज डोळ्यांवर बोलणार आहे. मी काही डॉक्टर नाही. जन्म बँकेत आकडे तपासण्यात गेला. तरीही हा विषय का घेतला, ते आधी सांगतो.

माझ्या धाकट्या बहिणीचा नातू सैन्यभरतीची तयारी करत होता. पहाटे साडेचारला उठून पळायला जायचा. मागे एकदा गणपतीत तो मित्रांबरोबर मिरवणूक बघायला आला आणि रात्री आमच्याकडेच मुक्कामाला राहिला. सकाळी चहा घेताना पेपर पुढे धरला आणि म्हणाला, "आबा, डाव्या डोळ्यानं मधलं अक्षरच पुसल्यागत दिसतंय." मी म्हटलं, "जागरण झालंय, झोप जरा." चूक माझीच. दोन दिवस आम्ही गुलाबपाण्याच्या घड्या ठेवत बसलो. तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासले, पडद्याचा स्कॅन काढला आणि पहिला प्रश्न विचारला, "मिरवणुकीत लेसरच्या समोर होतास का?"

डोळ्याच्या पडद्यावर, बरोबर मधोमध, भाजल्याचा बारीक डाग होता. उजवा डोळा ठणठणीत. दोन्ही डोळ्यांनी बघितले की सगळे नीट दिसायचे. पण भरतीत एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावतात. काही महिन्यांत थोडा फरक पडला, पण डाग राहिला आणि भरती हुकली. पोरगा आता दुसरी नोकरी शोधतोय. कुणाबद्दल तक्रार करत नाही. त्याचेच मला जास्त वाईट वाटते.

त्यानंतर मी हा विषय समजून घ्यायला लागलो. जे समजले ते साध्या शब्दांत सांगतो.

लहानपणी आपण सगळ्यांनी भिंगाने कागद जाळला आहे. ऊन तेच, पण भिंगाने एका ठिपक्यावर गोळा केले की कागद पेटतो. आपल्या डोळ्यातही असेच भिंग आहे. साधा बल्ब चारी बाजूंना उजेड फेकतो, त्यामुळे डोळ्यापर्यंत येईतो तो विरळ होतो. लेसरचा किरण मात्र ताणलेल्या दोऱ्यासारखा सरळ येतो, फारसा पसरत नाही. तो डोळ्यात शिरला की आतले भिंग त्याला पडद्यावरच्या एका ठिपक्यावर गोळा करते. तिथे त्याची तीव्रता साधारण एक लाख पटींनी वाढते. आणि पडद्याचा मधला भाग म्हणजे आपण ज्याने वाचतो, माणसाचा चेहरा ओळखतो, सुईत दोरा ओवतो, तो भाग.

आता आकडे बघा, आकड्यांशिवाय मला राहवत नाही. सुरक्षित मानल्या जाणाऱ्या लेसर पॉइंटरची ताकद एक मिलिवॉटपर्यंत असते. चुकून डोळ्यावर आला तरी पाव सेकंदात पापणी मिटते आणि डोळा वाचतो. मिरवणुकीतले लेसर कित्येक वॉटचे असू शकतात. एक वॉट म्हणजे हजार मिलिवॉट. तिथे पापणी मिटेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. किरण भराभर फिरत असेल तर धोका थोडा कमी, पण यंत्र मध्येच अडकले किंवा किरण एका जागी थांबला, तर समोरच्या माणसाचे नशीब.

आपल्यातल्या काहींनी उद्यमनगरात, शिरोलीच्या एमआयडीसीत काम केले आहे. त्यांना डोळ्याला वेल्डिंग लागणे म्हणजे काय, ते माहीत आहे. मी कर्जाच्या पाहणीसाठी वर्कशॉपमध्ये जायचो, तेव्हा एकदा मलाही लागले होते. दिवसभर काही नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग! रात्र बसून काढली. पण एक-दोन दिवसांत बरे वाटले, कारण त्यातले अतिनील किरण डोळ्याच्या वरच्या पारदर्शक भागाला भाजतात आणि तो भाग भरून येतो. लेसरचे उलटे आहे. तो आतल्या पडद्याला भाजतो, आणि पडद्याला वेदनाच कळत नाही. वेल्डिंगचे दुखते आणि बरे होते. लेसरचे दुखत नाही आणि पुष्कळदा पूर्ण बरेही होत नाही. आजच्या भाषणातले एवढे एक वाक्य लक्षात ठेवलेत तरी मला पुरे.

हे फक्त आमच्या घरात घडलेले नाही. २०२३ च्या विसर्जनानंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या पडद्याला अशीच इजा झाल्याचे तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितले होते. २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात गणपती आगमनाच्या मिरवणुकीत एका तरुणाच्या डोळ्यात रक्तस्राव झाला, बंदोबस्तावरच्या एका पोलिसाच्या डोळ्यालाही इजा झाली. पेपरात बातम्या आल्या होत्या, तुम्हीही वाचल्या असतील. परदेशातही झाले आहे. २००८ मध्ये रशियात मॉस्कोजवळ उघड्यावर एक संगीत महोत्सव होता. पाऊस आला म्हणून वर तंबू ताणले. आकाशात सोडायचे लेसर तंबूमुळे खाली गर्दीत आले आणि कित्येक तरुणांची नजर अधू झाली.

आपल्याकडे तर महाद्वार रोडसारखा रस्ता. दोन्ही बाजूंना दुकानांच्या काचा, वर गॅलऱ्यांत बायका-मुले. किरण वर सोडला तरी तो कुणाच्या तरी डोळ्यांच्या उंचीवरच जाणार. "आम्ही वर मारतो, काकाऽ" असे पोरे म्हणतात. अरे पोरांनो, वर तुमचीच आजी उभी आहे!

कायद्याचे म्हणाल, तर ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे हा विषय आला. लेसरच्या अशा वापराचे नियमन करणारा वेगळा कायदा नाही, असे तेव्हा स्पष्ट झाले. त्यामुळे उत्सवापुरते प्रशासनाचे मनाई आदेश निघतात आणि मुदत संपली की संपतात. गंमत बघा, शत्रूला कायमचे आंधळे करण्यासाठी बनवलेली लेसर शस्त्रे युद्धातसुद्धा वापरायची नाहीत, असा आंतरराष्ट्रीय करार १९९५ मध्ये झाला आहे. मिरवणुकीतल्या लेसरचा हेतू तसा नाही, हे मला मान्य आहे. पण डोळ्याला हेतू कळत नाही.

आता उपयोगाचे सांगतो. लेसर समोर दिसला की यंत्राकडे टक लावून बघू नका, पाठ फिरवा. लहान मुलाला खांद्यावर घेऊन ट्रॉलीसमोर नाचू नका. जत्रेत मिळणारे हिरव्या उजेडाचे पॉइंटर मुलांना खेळायला देऊ नका, त्यांच्यावर लिहिलेल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी एकेक डोळा झाकून चौकटीच्या वहीकडे बघा, किंवा बाथरूमच्या टाइल्सकडे. रेघा वाकड्या दिसल्या, मधे काळा किंवा धुरकट ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांचा पडदा तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जा. दूध, एरंडेल, गुलाबपाणी काही घालू नका. आमचे दोन दिवस त्यातच गेले. उपचार झाला तरी डोळा पूर्ववत होईलच असे नाही, पण रक्तस्रावासारख्या काही इजांमध्ये वेळेला महत्त्व असते.

१९८० चे सूर्यग्रहण आठवतेय का? १६ फेब्रुवारी, शनिवार. खग्रास पट्टा शेजारच्या कर्नाटकातून गेला होता. इथे दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. डोळे जातील म्हणून लोकांनी खिडक्यांना पडदे लावले होते. त्या भीतीत थोडा अतिरेक होता. पण सूर्याला एवढे जपणारे आपण, आज पैसे मोजून डोळे जाळणारा उजेड ट्रॉलीवर चढवतो.

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा. यंदाच्या गणपतीसाठी उत्सव समितीने जी कोटेशने मागवली आहेत, त्यात एक लेसर शोचे आहे. ते मी पाहिले. रक्कम तपासायची सवय आहे म्हणून आधी रक्कम पाहिली, ती ठीक आहे. पण त्या यंत्राची ताकद किती, ते कोण चालवणार, कुणाच्या डोळ्याला काही झाले तर जबाबदारी कुणाची, यातले एक अक्षरही त्यात नाही. जामीनदाराशिवाय कर्ज मी कधी मंजूर केले नाही. इथे तर तारण म्हणून आपल्या नातवंडांचे डोळे ठेवायचे आहेत.

माझी विनंती एवढीच, की सर्वसाधारण सभेत ठराव करून लेसर कायमचा बंद करावा. तेच पैसे हलगी-घुमकं आणि लेझीम पथकाला द्यावेत. रंगीत दिवे लावा, भरपूर लावा, मीही बघायला उभा राहीन. तरुण मंडळी माझ्यावर रागावतील. रागवू देत. माझ्या बहिणीच्या नातवाला मी "झोप जरा" म्हणालो होतो, ते मला अजून आठवते. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असे वाक्य बोलायची वेळ येऊ नये.

ठराव मांडायला मी तयार आहे. अनुमोदन कोण देणार, ते तुम्ही ठरवा.