मूत्रपिंडाचा विकार आणि पक्षाघात

पक्षाघात हा मेंदूचा विकार. मूत्रपिंडे तर पाठीमागे, कण्याच्या दोन बाजूंना. या दोहोंचा संबंध तो काय, असे कोणासही वाटावे. परंतु हा संबंध फार निकटचा आहे. लंडनच्या गाईज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली अंगावरील सूज, मूत्रातून जाणारे अल्ब्युमिन आणि बिघडलेले मूत्रपिंड यांची सांगड घातली. अशा रोग्यांचे हृदयही पुष्कळदा वाढलेले असते, हे त्यांनी १८३६ साली नोंदविले. मूत्रपिंडाचे दुखणे मूत्रपिंडापुरते राहत नाही, याची ती पहिली खूण होती.

मेंदू आणि मूत्रपिंडे यांत एक साम्य आहे. दोहोंकडे रक्ताचा मोठा ओघ अखंड वाहत असतो. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडेच जातो. त्यामुळे रक्तदाब वाढला की त्याचा मारा या दोन्ही ठिकाणच्या सूक्ष्म वाहिन्यांवर होतो. उलट, दुबळ्या मूत्रपिंडांना मीठ व पाणी पुरेसे बाहेर टाकता येत नाही आणि रक्तदाब आणखी चढतो. फॉस्फरस साचून धमन्यांच्या भिंतींत चुना बसतो. हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण वाढते, आणि हृदयात धरलेली गुठळी मेंदूत जाऊन अडकू शकते. विकार फार बळावला म्हणजे रक्त गोठविणाऱ्या कणिकांचे कार्यही मंदावते. म्हणजे एकीकडे गुठळीचे भय, तर दुसरीकडे रक्तस्रावाचे. रक्त पातळ करणारे औषध देताना डॉक्टरांना तारेवरची कसरत करावी लागते, ती यामुळेच.

अडीच लाखांहून अधिक माणसांच्या पाहण्यांचे एकत्रित निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडांची गाळण्याची गती मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली गेलेल्यांत पक्षाघाताचा धोका इतरांहून सुमारे ४३ टक्के अधिक आढळला.

हा विकार प्रारंभी मुका असतो. ना वेदना, ना ताप. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी रक्तातील क्रिएटिनिन व मूत्रातील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. विकार असल्यास रक्तदाबाचे औषध बरे वाटले म्हणून सोडू नये. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका चहाच्या चमच्याच्या आत ठेवावे. त्यात लोणचे, पापड आणि फरसाण यांतील मीठही धरावे. तंबाखू वर्ज्य करावी. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांतील अनेक मूत्रपिंडांना घातक ठरतात.

एवढे करूनही चेहरा एकाएकी वाकडा झाला, एक हात लुळा पडला किंवा जीभ अडखळू लागली, तर तेलाची मालिश करीत बसू नये. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि त्याला मूत्रपिंडाचा विकार आहे, हे तेथे प्रथमच सांगावे. औषधाची निवड व मात्रा पुष्कळदा त्या एका वाक्यावर ठरते.