नव्या सायकलीची भेग झाकू नका

आज सायकलीबद्दल बोलायचंय. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकींची शाळा सायकलीवरच चालते, म्हणून जरा नीट ऐका.

माझ्या धाकटीला आठवीत गेल्यावर नवी सायकल घेतली. तीनच आठवड्यांत ती कुरकुरायला लागली. चेनला तेल घातलं तरी आवाज जाईना. एका रविवारी सायकल पुसताना मला दिसलं, की हँडलखालच्या उभ्या नळीला खालची तिरपी नळी जिथे जोडलेली असते, त्या सांध्यावर केसासारखी बारीक भेग आहे. लेकीला हाक मारली तर ती रडायलाच लागली. "आई, मी पाडली नाही गं. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही." भेग दिसूनही आठ दिवस ती त्याच सायकलीवर उतारावरून शाळेत जात होती. तो सांधा उतारावर तुटला असता तर काय झालं असतं, ते मी सांगायला नको.

दुकानदार म्हणाला, "डबल सीट बसवली असेल, नाहीतर कुठंतरी आपटली असेल. ठेवून जा, वेल्डिंग मारून रंग लावून देतो." फुकटात काम होतंय म्हणून मला बरंही वाटलं. पण आमच्या गटातल्या एका ताईंचे यजमान सायकली दुरुस्त करतात. ते म्हणाले, "वहिनी, वेल्डिंग करू नका. रंगाखाली भेगही जाईल आणि तुमचा पुरावाही जाईल."

त्यांनी समोर बसून दाखवलं. सायकल समोरून जोरात आपटली, तर पुढचा चिमटा मागे वाकतो, हँडलमागच्या नळ्यांना सुरकुती किंवा पोचा पडतो. आमच्या सायकलीचा चिमटा सरळ होता, नळीला पोचा नव्हता, भेग फक्त जोडावर होती. म्हणजे जोडच कच्चा असण्याची शक्यता जास्त.

तेव्हा मैत्रिणींनो, असं काही दिसलं तर काय करायचं?

पहिलं म्हणजे सायकल चालवणं त्याच क्षणी थांबवा. भेग रंगाची की लोखंडाची, हे ठरवायला अजून चार दिवस चालवून बघू नका.

दुसरं, भेगेचे जवळून आणि पूर्ण सायकलीचे फोटो काढा. फ्रेमवर ठोकलेला नंबर शोधा. तो बहुतेक वेळा पायडलच्या खालच्या बाजूला किंवा सीटच्या नळीवर असतो. पावती आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा.

तिसरं, तक्रार तोंडी नको, लेखी द्या. खरेदीची तारीख, फ्रेमचा नंबर, दोष कुठे आहे आणि तुम्हाला काय हवंय ते लिहा. दुकानदाराला एक प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर त्याची सही-शिक्का घ्या. कंपनीलाही कळवा.

"एकदा विकलेला माल परत घेत नाही" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती न देणं हीसुद्धा तशीच प्रथा आहे. म्हणून शंभर-दोनशे रुपये वाचतात म्हणून बिनपावतीची सायकल घेऊ नका.

तरीही कुणी ऐकलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथेही काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते.

आम्हाला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. लेखी अर्ज आणि फोटो बघून दुकानदारानं कंपनीला कळवलं आणि काही दिवसांनी फ्रेम बदलून मिळाली. नवा फ्रेम नंबर मी पावतीवर लिहून, शिक्का मारूनच घेतला. तेवढे दिवस लेक मैत्रिणीच्या मागे बसून शाळेत गेली.

पण मला लागलं ते वेगळंच. सायकलीतला दोष माझ्या लेकीनं स्वतःचा मानला आणि भीतीपोटी लपवला. म्हणून आज घरी एक काम करा. लेकीला जवळ बसवून सांगा, "सायकलीचं काही बिघडलं तर आधी मला सांग, मी रागावणार नाही." मग दोघी मिळून फडक्यानं सायकल पुसा आणि एकेक सांधा उजेडात बघा. दहा मिनिटं लागतात.