दाराआडची आई

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत महिलांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं मीं दोन शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हां प्रथम मीं ती नम्रपणें नाकारली. माझा बाप्तिस्मा याच मंदिरांत झाला हें खरें. परंतु गेलीं चौदा वर्षें माझें बिऱ्हाड कॅनडांत, टोरोंटो शहराच्या एका उपनगरांत आहे. वर्षांतून एकदां पाहुणीसारखी येणाऱ्या मुलीनें येथें राबणाऱ्या बायकांस काय सांगावें? पण फादरांनीं आग्रह धरला कीं, तिकडे जें डोळ्यांनीं पाहिलें असेल तेंच सांगा. तेव्हां मी उपदेश करणार नाहीं. आमच्या तिकडील धर्मग्रामांतील एका फिलिपिनो आईची हकीकत तेवढी सांगणार आहे. तिची परवानगी मीं घेतली आहे. नांव मात्र सांगणार नाहीं.

फिलिपाइन्स हा देश आपणां वसईकरांस अगदींच परका नाहीं. आपला संत गोन्सालो गार्सिया वसईंत जन्मला, व्यापारानिमित्त जपानांत गेला, आणि फ्रान्सिस्कन संघाचा झगा त्यानें अंगावर चढविला तो मनिला शहरांत. १५९७ सालीं ५ फेब्रुवारीस नागासाकी येथें त्याला क्रूसावर मरण आलें आणि १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्याला संतपद दिलें. हें मीं माझ्या मैत्रिणीस सांगितलें, त्या दिवसापासून ती मला 'आते' म्हणूं लागली. त्यांच्या भाषेंत आते म्हणजे थोरली बहीण. आपल्याकडे आते कोण असते तें मीं तिला समजावलें, तेव्हां आम्ही दोघी पोट धरून हंसलों.

तिची कथा कळावयास प्रथम तिच्या आईची कथा ऐकावी लागते. फिलिपाइन्सच्या सरकारनें १९७४ सालच्या श्रमकायद्यानें आपल्या लोकांस परदेशीं कामाला पाठविण्याची रीतसर व्यवस्था केली. तेव्हांपासून त्या देशाचीं कितीएक घरें परदेशांतून येणाऱ्या पैशावर उभीं आहेत. २०२४ सालीं हा पैसा ३४ अब्ज डॉलरांहून अधिक होता. आरंभीं पुरुष अधिक जात, पुढें बायकाहि मोठ्या संख्येनें जाऊं लागल्या. कॅनडाने १९९२ सालीं एक योजना काढली. तिच्या अन्वयें परदेशची बाई येऊन मालकाच्या घरांत राहून त्याचीं मुलें किंवा म्हातारीं माणसें सांभाळी; अशीं दोन वर्षें भरलीं म्हणजे तिला कायमच्या वास्तव्यासाठीं अर्ज करतां येई. कागदपत्रांचा घोळ धरून प्रत्यक्षांत पुष्कळांची ताटातूट याहून कितीतरी लांबे. मालकाच्याच घरीं राहण्याची सक्ती २०१४ सालीं उठली.

माझ्या मैत्रिणीची आई या योजनेखालीं १९९३ सालीं कॅनडांत आली. त्या वेळीं मैत्रीण तीन वर्षांची होती व इलोइलो येथें आजीजवळ राहिली. पुन्हां आईच्या कुशींत ती निजली तेव्हां अकरा वर्षांची झाली होती. मधल्या काळांत आई म्हणजे एक आवाज होता. कॅसेटवर टेप करून पाठविलेला. आई म्हणजे एक मोठा खोका होता. त्यांत साबण, चॉकलेट, डबाबंद मांस आणि नेहमीं एक आंकडा लहान पडणारे बूट असत, कारण आईच्या मनांत मुलगी अजून धाकटीच होती.

आतां मुलीची पिढी पाहा. ती शिकली, हिशेबांत तरबेज झाली, आणि सरहद्दीपलीकडील अमेरिकेच्या एका कचेरीसाठीं रुग्णालयांचीं बिलें तपासण्याचें काम करते. हें सर्व काम घरीं, लॅपटॉपवर. २०२० सालच्या महामारींत तें घरीं आलें आणि घरींच राहिलें. तिच्या मेजावर मनिलाचा संत लोरेन्झो रुइझ याची लहानशी तसबीर आहे. हा फिलिपाइन्सचा पहिला संत. १९८७ सालीं त्याला संतपद मिळालें. बिनोंदो येथील चर्चमध्यें कागदपत्रें लिहिणारा, बायकामुलांचा गृहस्थ. १६३६ सालीं देश सोडावा लागला आणि पुढच्याच वर्षीं नागासाकींत त्यानें श्रद्धेसाठीं प्राण दिला. "तोहि कारकून आणि तोहि परदेशीं गेलेला," असें ती म्हणते, "माझें दुखणें त्याला कळेल."

घरीं काम मिळालें तेव्हां तिनें मोठ्या आनंदानें मिस्सा सांगितली होती. जें आपल्या आईला मिळालें नाहीं तें देवानें आपणांस दिलें, असें तिला वाटलें. मुलगी पांच वर्षांची. तिला शाळेंतून आणणें, भरविणें, निजविणें, सारें आपल्या हातीं! परंतु शाळा सुटे साडेतीनला आणि काम सुटे साडेपांचला. मधले दोन तास तिनें खोलीचें दार लावून घ्यावें, दाराला लाल कागद चिकटवावा, आणि लाल कागद असेपर्यंत ठोठावूं नये असें मुलीस शिकवावें. मुलगी गुणी होती, शिकली. कचेरीचे निरोप मात्र साडेपांचनंतरहि येत, जेवतांना येत, सायंप्रार्थनेच्या वेळीं येत. एके वर्षीं शुभ शुक्रवारीं, कॅनडांत सुट्टी असूनहि, तिला कामावर बसावें लागलें, कारण तिच्या कचेरीला त्या दिवशीं सुट्टी नव्हती. दुपारीं तीन वाजतां, प्रभूच्या मरणाच्या घटकेस, एका वरिष्ठानें तिला विचारलें कीं तुमच्या नांवापुढचा हिरवा दिवा सात मिनिटें कां विझला होता? ती गुडघे टेकून होती, हें तिनें सांगितलें नाहीं. "पाणी प्यायला गेलें होतें," असें लिहिलें. या खोट्याची तिनें पुढें पापकबुली दिली. मला विचाराल तर, कबुली त्या वरिष्ठानें द्यावयास हवी होती.

आणि मग एका सायंकाळीं काय घडलें तें ऐका. मैत्रीण पाणी घेण्यासाठीं बाहेर आली, तों मुलगी ओसरींत बाहुल्या मांडून खेळत होती. मोठी बाहुली तिनें कपाटांत ठेवून दार लावलें होतें व दारावर लाल खडूनें रंगविलेला कागद टेकविला होता. लहान बाहुली बाहेर बसली होती, आणि मुलगी तिला समजावीत होती, "रडूं नको, आई आहे, पण आतां ती नाहीं."

मैत्रिणीनें हें मला सांगितलें तेव्हां आम्ही चर्चच्या तळघरांत सणाच्या जेवणाचीं ताटें पुशीत होतों. तिची आईहि तेथेंच होती, आतां सत्तरीच्या घरांतली आजी. मला वाटलें, आजी म्हणेल, मीं आठ वर्षें काढलीं, तुला दोन तास जड झाले काय? पण तिनें हातांतलें फडकें खालीं ठेवलें आणि म्हणाली, "माझ्या वेळीं समुद्र होता, बाळ. दार असतें तर मीं तें दिवसांतून शंभरदां उघडलें असतें." दोघी मायलेकी मग बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत, आणि मीहि ताटें पुशीत राहिलें.

भगिनींनो, काम, मूल आणि देव यांचा समतोल राखा, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. तराजू समतोल धरणें हें दुकानदाराचें कसब आहे. आईच्या दोन्हीं हातांत आधींच कांहीं ना कांहीं असतें. माझ्या मैत्रिणीनें समतोल साधला नाहीं. तिनें कामाचे तास कमी करून मागितले; ते मिळाले, पगारहि तितकाच कमी झाला. इलोइलोला वर्षांतून दोन खोके जात, आतां एक जातो, आणि तिकडील एक मावसभाऊ यावरून अद्याप रुसलेला आहे. साडेतीनला आतां लाल कागद निघतो. कधीं काम राहिलेंच तर दार उघडें ठेवून ती तें पुरें करते आणि मुलगी मेजाखालीं बसून चित्रें काढते.

प्रार्थनेचेंहि तसेंच. पूर्वीं ती म्हणे, निवांत वेळ मिळाला कीं जपमाळ करीन. निवांत वेळ कोणा आईला मिळाला आहे? आतां रात्रीं आठ वाजतां फोनवर इलोइलोची आजी आणि तिच्या शेजारणी येतात; इकडे रात्र, तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ. मधेंच मूल रडतें, तिकडे कोंबडा आरवतो, एखादें रहस्य दोनदां म्हटलें जातें. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं १४ मार्च २०२१ रोजीं, फिलिपाइन्समध्यें ख्रिस्तश्रद्धा येऊन ५०० वर्षें झाल्याच्या मिस्सेंत, रोममधील फिलिपिनो स्त्रियांना प्रेमानें श्रद्धेच्या चोरट्या व्यापारिणी म्हटलें होतें. जेथें कामाला जातात तेथें त्या श्रद्धा पेरतात, असा त्यांचा भाव होता. ती जपमाळ ऐकतांना मला हें फार पटतें.

त्यांची एक चाल आपण ध्यानांत घ्यावी अशी आहे. नाताळापूर्वीं १६ डिसेंबरपासून नऊ दिवस फिलिपाइन्समध्यें पहांटेपूर्वीं, तीन-चार वाजतां, मिस्सा होते. तिला 'सिम्बांग गाबी' म्हणतात. शेतकरी ऊन चढण्यापूर्वीं शेतावर जात, म्हणून मिस्सेचीच वेळ त्यांच्या कामाआधीं आणली गेली. मिस्सा सुटली कीं बाहेर निखाऱ्यांवर 'बिबिंका' भाजत असते. नांव ऐकून गोव्याची बिबिंका आठवावी, पण ही तांदळाच्या पिठाची, केळीच्या पानावरची. खाल्ल्यावांचून कोणी घरीं जात नाहीं. कॅनडांत पहांटेची थंडी आणि कामाच्या पाळ्या पाहून हीच नऊ दिवसांची भक्ति पुष्कळ ठिकाणीं सायंकाळीं करतात. शेतकऱ्यासाठीं जी पहांटे आली, ती कारकुनीसाठीं संध्याकाळीं आली.

फादर, येथें मी एक विनंती करतें, धिटाईबद्दल क्षमा असावी. आपल्याहि धर्मग्रामांत आतां कितीएक सुना-मुली परदेशच्या कचेऱ्यांचें काम रात्रभर घरीं बसून करतात आणि सकाळच्या मिस्सेच्या वेळीं त्यांचा नुकता डोळा लागलेला असतो. त्यांस आळशी म्हणणारे शब्द मीं याच आठवड्यांत चर्चच्या पायरीवर ऐकले. त्यांच्यासाठीं आठवड्यांतून एक दिवस तरी सायंकाळची मिस्सा ठेवतां येईल काय, याचा विचार व्हावा. तान्हीं मुलें घेऊन येणाऱ्यांस मागच्या बाकांवर नव्हे, पुढें जागा असावी.

माझ्या मैत्रिणीस मीं या महोत्सवाविषयीं सांगितलें, तेव्हां तिनें आणि तिच्या मुलीनें बांबूच्या काड्या व रंगीत कागद यांचा एक पांच टोंकांचा तारा करून दिला. त्यांच्याकडे नाताळांत असा कंदील घरोघर लावतात, त्याला 'पारोल' म्हणतात. विमानांत त्याचें एक टोंक मोडलें. तें माझ्या आईनें काल रात्रीं खळ लावून चिकटविलें. एका बाजूचा कागद लाल आहे, आणि तो तोच दारावरचा कागद आहे, असें मुलीनें मला बजावून सांगितलें. तारा बाहेर मुख्य दारावर टांगला आहे, जातांना पाहावा.